शहराचे प्रश्न विद्यापीठाच्या वर्गात: ऑरेगॉनमधली पद्धत आणि आपली शहरं

मॅकेन्झीकाठ

अमेरिकेतल्या ऑरेगॉन राज्यातल्या ऑरेगॉन विद्यापीठाने २००९ मध्ये 'सस्टेनेबल सिटी इयर' नावाचा उपक्रम सुरू केला. मार्क श्लॉसबर्ग आणि निको लार्को या दोन प्राध्यापकांनी तो उभा केला. एक नगरनियोजन शिकवतात, दुसरे आर्किटेक्चर. विद्यापीठ यूजीन गावात आहे. मीही इथेच राहते आणि इथे शिकत असताना या उपक्रमातल्या एका वर्गात होते. आपल्याकडच्या महापालिका, नगरपरिषदा आणि कॉलेजांनी घेण्यासारखं यात पुष्कळ आहे असं मला मनापासून वाटतं, म्हणून सविस्तर लिहिते.

विद्यापीठ एका शैक्षणिक वर्षासाठी राज्यातलं एक शहर जोडून घेतं. ते शहर आपल्या अडलेल्या कामांची यादी देतं: अमुक नाल्याकाठची जागा, बाजारपेठेतला रस्ता, सायकलमार्ग, जुनी औद्योगिक जमीन, पावसाच्या पाण्याचा निचरा, परवडणारी घरं. मग विद्यापीठात बसून बघतात की आधीपासून शिकवल्या जाणाऱ्या कोणत्या विषयात कोणतं काम बसेल. यासाठी नवा अभ्यासक्रम काढत नाहीत आणि कुणा बड्या देणगीदाराची वाटही बघत नाहीत. नाहीतरी वर्गात एखादं कल्पित उदाहरण सोडवायचंच असतं, त्याऐवजी त्या शहरातला खरा नाला घ्यायचा. आर्किटेक्चर आणि नियोजनाबरोबर कायदा, पत्रकारिता, व्यवसाय व्यवस्थापन, लोकप्रशासन असे वर्गही यात येतात. एका वर्षात वीसेक वर्ग आणि काहीशे विद्यार्थी एकाच शहरावर काम करतात.

पहिल्या वर्षी ग्रेशम, मग राज्याची राजधानी सेलम, मग यूजीनला लागून असलेलं स्प्रिंगफील्ड. पुढे मेडफोर्ड, रेडमंड, ऑल्बनी. एका वर्षी तर शहराऐवजी पोर्टलंडची वाहतूक संस्था ट्रायमेट भागीदार होती. बघून बघून इतर विद्यापीठांनीही हे उचललं आणि आता 'एपिक-एन' नावाचं त्यांचं जाळं आहे. त्यात अमेरिकेबाहेरची विद्यापीठंही आहेत.

हे का चालतं, याची मला दिसलेली तीन कारणं आहेत. पहिलं, शहर यासाठी पैसे मोजतं. रक्कम सल्लागार कंपनीच्या मानाने बरीच कमी असते, पण करार होतो, अंदाजपत्रकात तरतूद होते, आणि पैसे दिलेत म्हटल्यावर शहराचे अधिकारी सादरीकरणाला येऊन बसतात. दुसरं, प्रत्येक कामाला शहराचा एक माणूस नेमलेला असतो. माहिती मागायची त्याच्याकडे, चुकलं तर सांगणार तो.

तिसरं कारण बाहेरून पाहणाऱ्याच्या सहसा ध्यानात येत नाही. सत्र संपलं की त्या वर्गातल्या एखाद्या विद्यार्थ्याला पगार देऊन अहवाल लिहायला बसवतात. तीस मुलांचं तीस तऱ्हेचं काम असतं, त्यातलं शहराच्या उपयोगाचं काय ते निवडून एकसंध कागद तयार होतो आणि तो शहराकडे जातो. मुलांचे प्रोजेक्ट वाया जातात ते इथेच. काम झालेलं असतं, पण उद्या कुणी कपाटातून काढून वाचू शकेल अशा रूपात ते कधी येतच नाही. हा एवढासा खर्च विद्यापीठाने पहिल्यापासून धरला, हे मला सगळ्यात शहाणपणाचं वाटतं.

आणखी एक गोष्ट या राज्याची. ऑरेगॉनमध्ये १९७३ पासून कायदा आहे की प्रत्येक शहराने सर्वंकष आराखडा करायचा, वाढीची हद्द आखायची. राज्याची नियोजनाची १९ उद्दिष्टं ठरलेली आहेत आणि त्यातलं पहिलंच नागरिकांच्या सहभागाचं आहे. त्यामुळे मुलांनी केलेलं काम जाऊन पडायला एक चौकट आधीच तयार असते.

आपल्याकडे असं काय झालंय, काय होऊ शकेल, कुठे अडतं? अनुभव असलेल्यांनी जरूर लिहा.

सह्यवारा

चांगला विषय. वाचतोय.

टेकडीवाली

धागा काढलात त्याबद्दल आभार. पण "आपल्याकडे काय होऊ शकेल" याच्या आधी, आपल्याकडे जे होऊन गेलंय ते इथे यायला हवं. पुण्यातली गोष्ट आहे आणि ती सुरू झाली ती एका विद्यापीठातून.

१९९० च्या सुमाराला एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या पुण्यातल्या प्रौढ आणि निरंतर शिक्षण विभागाने कचरा वेचणाऱ्या मुलांसाठी साक्षरतेचे वर्ग सुरू केले. शिकवणाऱ्या बायका मुलांबरोबर फेरीला जाऊ लागल्या. कोंडाळ्यात हात घालून, सगळं एकत्र कुजलेल्यातून कागद, काच, पत्रा वेगळा काढायचा, हे त्यांनी स्वतः पाहिलं. तेव्हा प्रश्न अक्षरओळखीच्या बराच पुढे गेला. घरातूनच सुका कचरा वेगळा मिळाला तर या बायकांची कमाईही वाढेल आणि हातही सडणार नाहीत, म्हणून कोरेगाव पार्कात तसा प्रयत्न झाला. मग कुणी गाडी लावून तोच कचरा उचलायला आलं, तेव्हा आपली रोजी जाणार हे दिसलं आणि संघटनेची गरज पटली. मे १९९३ मध्ये बाबा आढावांच्या पुढाकाराने कचरावेचकांची परिषद भरली आणि कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. विद्यापीठातल्या पौर्णिमा चिकरमाने आणि लक्ष्मी नारायण यांनी त्यात वर्षानुवर्षं काम केलं.

पुढचं बघा. १९९० च्या दशकातच पुणे आणि पिंपरी-चिंचवड महापालिकांनी कचरावेचकांच्या ओळखपत्रांना मान्यता दिली. २००० मध्ये घनकचऱ्याचे नियम आले, दारोदार कचरा गोळा करणं शहरांना बंधनकारक झालं. इतर शहरांनी ठेकेदार आणले. पुण्यात पंचायतीने म्हटलं, हे काम ज्या बायका आजवर करत आल्या त्यांनाच द्या. त्यातून 'स्वच्छ' ही कचरावेचकांची स्वतःच्या मालकीची सहकारी संस्था झाली आणि २००८ मध्ये महापालिकेशी करार झाला. आज आमच्या दारात ढकलगाडी घेऊन जी ताई येते तिचा हक्क या सगळ्यातून आलाय.

मॅकेन्झीकाठ, तुमच्या उपक्रमाबद्दल आदर ठेवून एक विचारते. दरवर्षी नवं शहर घेणारं विद्यापीठ हे करू शकलं असतं का? एसएनडीटीच्या लोकांनी एक प्रश्न धरला आणि पंधरा-वीस वर्षं सोडला नाही. आणि प्रश्न महापालिकेच्या यादीत कधी नव्हताच. महापालिकेच्या यादीत तेव्हा "कचरा उचलणे" असेल, "कचरा उचलणारी बाई" नसणार.

मॅकेन्झीकाठ

टेकडीवाली, हे इतकं नीट लिहिलंत त्याबद्दल खूप आभार. 'स्वच्छ' माहीत होती, पण तिचं मूळ विद्यापीठाच्या वर्गात आहे हे इथल्या किती जणांना सांगता येईल आता!

तुमचा प्रश्न रास्त आहे. यादी शहराने द्यायची म्हणजे शहराला जे दिसत नाही ते यादीत येणार नाही. इथे त्यावर थोडा उतारा असा की वर्गातली मुलं लोकांना भेटतात आणि यादीतला प्रश्न वर्गात थोडा वेगळा होऊन बाहेर पडतो. पण ज्यांचा आवाजच पोचत नाही त्यांच्यासाठी तेवढं पुरत नाही, हे खरंच. मला वाटतं दोन्ही तऱ्हेचं काम लागतं. एक, महापालिकेच्या आजच्या गरजेचं, वर्षात हातावेगळं होणारं. दुसरं, एखाद्या विभागाने आयुष्यभर धरून ठेवायचं.

पंचगंगा_४३

कोल्हापुरातनं लिहितोय. आमच्याकडं पंचगंगा नदीवरच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका. हे आकडे शाळकरी पोरालाबी पाठ हायत. २०१९ च्या ऑगस्टला पाणी पंचावन्न फुटांच्या वर गेलं, २०२१ ला परत तसंच. २०१९ ला उपसा केंद्रं पाण्यात बुडाली आणि भोवती पाणीच पाणी असताना शहराला प्यायला पाणी नव्हतं.

आता या धाग्याशी संबंध काय तो सांगतो. पुराचं पाणी थेट नदीतनं येतंय असं बाहेरच्याला वाटतं. सुतारवाडा, व्हीनस कॉर्नर, दसरा चौक या भागातल्या माणसाला विचारा. पाणी जयंती नाल्यातनं उलटं चढतं. नदी फुगली की नाल्याचं पाणी पुढं जात नाही, मागं गल्लीत शिरतं. कुठल्या गल्लीत किती फुटांना पाणी येतं हे तिथल्या प्रत्येक म्हाताऱ्याला माहितेय. राजारामला ४१ झालं की अमक्याच्या दारात, ४४ झालं की तमक्याच्या माडीच्या पायरीला. हे कुठल्या नकाशात हाय? नकाशात निळी रेषा हाय आणि लाल रेषा हाय. निळी म्हंजे २५ वर्षांतनं एकदा येणारा पूर, लाल म्हंजे १०० वर्षांतनं एकदा येणारा. बांधकामाची परवानगी त्यावर चालते. पण गल्लीतल्या माणसाला सामान कधी हलवायचं ते या रेषा सांगत न्हाईत.

भिंतींवर पाण्याच्या खुणा अजून हायत. रंग दिला की जातात. शिवाजी विद्यापीठ आमच्या शहरातच हाय, भूगोल हाय, पर्यावरणशास्त्र हाय, शिवाय इंजिनिअरिंग कॉलेजं. एका वर्षात पोरांनी गल्ल्या वाटून घेतल्या, खुणांची उंची मोजली, राजारामच्या फुटांशी जोडली, तर गल्लीवार पूरतक्ता तयार होतोय. महापालिकेच्या आपत्ती विभागाला दर पावसाळ्यात कामाला येईल. कुणाला अहवाल नको असंल तर भिंतीवर लावा, आम्ही वाचू.

गिरगावकर

पंचगंगा, तुम्ही जे सांगताय ते इथे मुंबईत शंभर वर्षांपूर्वी एक माणूस विद्यापीठात शिकवत होता. पॅट्रिक गेडिस. १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग सुरू झाला तेव्हा त्याचं नावच समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्र असं होतं, आणि त्याचे पहिले प्रमुख गेडिस. मूळचे जीवशास्त्रज्ञ, पुढे नगरनियोजक. त्याआधी काही वर्षं ते हिंदुस्थानातली गावं पायी हिंडून त्यांच्यावर अहवाल लिहीत होते, त्यात ठाणंही आहे. आधी पाहणी, मग आराखडा, हा त्यांचा आग्रह. जुनी वस्ती पाडून रुंद रस्ता काढण्यापेक्षा थोडं इथे, थोडं तिथे दुरुस्त करा असं ते सांगत.

होळकरांच्या इंदूरात प्लेगच्या भीतीने लोक त्रासलेले होते. गेडिसनी दिवाळीची मिरवणूक ठरवली आणि जाहीर केलं की ज्या गल्ल्या घरं डागडुजी करून स्वच्छ ठेवतील त्या गल्ल्यांतून ती जाणार. घराघरात रंगसफेदी सुरू झाली. मिरवणुकीत प्लेगचा अवाढव्य उंदीरही होता. त्यांचे विद्यार्थी गो. स. घुर्ये पुढे त्याच विभागाचे प्रमुख झाले आणि विभाग जगभर नावाजला, पण शहराच्या आराखड्याशी असलेला तो धागा मात्र हळूहळू सुटला.

पुण्यातही गोखले संस्थेत धनंजयराव गाडगीळांनी १९३६-३७ मध्ये शहराची घरोघर नमुना पाहणी केली होती. कोण काय काम करतं, किती कमावतं, कसं राहतं. तेव्हा संगणक नव्हते, मोबाइल नव्हते. आज आपल्या किती शहरांची अशी पाहणी कुठल्या शैक्षणिक संस्थेकडे असेल?

सडेतोड

सगळं वाचलं. दोन शंका विचारतो.

एक, जबाबदारी. सल्लागार कंपनीने चुकीचा आराखडा दिला तर तिला जाब विचारता येतो. तिसऱ्या वर्षाच्या मुलाने नाल्याचा उतार चुकीचा मोजला आणि त्यावर कुणी पाइप टाकला तर? दोन, विद्यार्थ्यांचे श्रम. शहराला स्वस्तात काम मिळतं याचं कौतुक चाललंय, पण पदवी घेऊन बाहेर पडल्यावर याच मुलांना नोकरी द्यायला महापालिकेत नियोजकांची पदं भरली जातात का? फुकटच्या प्रोजेक्टवर भागवायची सवय लागली तर पदं रिकामीच राहणार.

निवृत्त_अभियंता

महापालिकेत जन्म गेला, म्हणून सडेतोड यांच्या शंकांपासून सुरुवात करतो. पाइपचा उतार मुलांच्या अहवालावरून कधीच ठरत नाही, ठरूही नये. त्यासाठी तांत्रिक मान्यता असते, सही असते, सही करणारा अभियंता असतो. मुलांचं काम त्याच्या आधीचं. कुठे बघायचं, कुणाला विचारायचं, कोणते पर्याय आहेत, ते त्यांनी दाखवायचं. आमच्याकडे नेमकं तेच करायला कुणाला वेळ नसे. सकाळी पाण्याची तक्रार, दुपारी बैठक, संध्याकाळी निविदेचे कागद. पदांचा मुद्दा मात्र शंभर टक्के खरा आणि त्यासाठी स्वतंत्रपणे भांडायला हवं. पदं भरलेली असतील तर मुलांच्या कामाचाही जास्त उपयोग होईल, कारण वाचणारं माणूस जागेवर असेल.

आता चौकटीबद्दल. ऑरेगॉनच्या कायद्यासारखं आपल्याकडे काही नाही असं कुणाला वाटत असेल तर तसं नाही. ७४ व्या घटनादुरुस्तीने शहरी संस्थांच्या कामांच्या यादीत पर्यावरण रक्षण घातलं. आणि महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमात कलम ६७अ आहे. त्यानुसार आयुक्तांनी दरवर्षी ३१ जुलैपूर्वी मागच्या वर्षाचा पर्यावरण सद्यस्थिती अहवाल सभागृहापुढे ठेवायचा असतो. हवा, पाणी, कचरा, झाडं, आवाज, वाहनं, सगळं त्यात येतं. कायद्याने ठरलेला, दरवर्षीचा, तारखेसकट.

मी अनेक वर्षं या अहवालांचे कागद पुढे सरकवलेत. बाहेरून करून घ्यायचे, गेल्या वर्षीचा मजकूर, आकडे नवे, फोटो नवे. सभागृहात फारशी चर्चा नाही. हा अहवाल गावातल्या विद्यापीठाबरोबर किंवा कॉलेजांबरोबर करायचा असं एखाद्या महापालिकेने मनावर घेतलं तर नवा कायदा लागत नाही, नवी समिती लागत नाही. पंचगंगा यांचा गल्लीवार पूरतक्ता हा त्या अहवालातला एक भाग होऊ शकतो. अशी दोन-तीन कामं दरवर्षी आली तर पाच वर्षांत शहराची खरी पाहणी उभी राहते.

गवतफूल

मी नाशिकला आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाला आहे. आमचा अनुभव सांगते. गावाचं नाव लिहीत नाही.

आम्ही एका प्रभागात पावसाळी गटारं आणि झाडांखालच्या जागा यांचा अभ्यास केला होता. पावसाचं पाणी गटारात लोटण्याआधी रस्त्याच्या कडेला मुरवता येईल अशा जागा शोधायच्या होत्या. तिथले उपअभियंता अगदी मनापासून मदत करत होते, जुने नकाशे दाखवले, आमच्याबरोबर पावसात फिरले. आमचं सादरीकरण व्हायच्या आधीच त्यांची बदली झाली. नवीन साहेबांना यातलं काहीच माहीत नव्हतं. आम्ही फाइल देऊन आलो. पोच मिळाली. पुढे त्याच रस्त्याचं काँक्रिटीकरण झालं आणि आम्ही दाखवलेल्या जागा त्यात गेल्या.

मला राग त्या साहेबांचा नाही आला. आमचं काम कुणा एका चांगल्या माणसावर उभं होतं, कार्यालयात त्याची नोंदच नव्हती. मॅकेन्झीकाठ यांनी लिहिलेलं "शहराचा एक माणूस नेमलेला असतो" हे वाचून वाटलं, बदली झाली तर पुढचा नेमायचा असंही करारात लिहिलेलं असेल का?

मॅकेन्झीकाठ

गवतफूल, वाचून फार वाईट वाटलं. इथेही अधिकारी बदलतात, नोकऱ्या सोडतात. फरक पडतो तो करार शहराशी असल्यामुळे. कामांची यादी ठरलेली असते, सगळ्या कामांचा मेळ घालणारं एक माणूस शहराकडे आणि एक विद्यापीठाकडे असतं. त्यामुळे एका टोकाचा माणूस गेला तरी दुसऱ्या टोकाला माहिती राहते. आणि शेवटी छापील अहवाल राहतो, जो विद्यापीठ सगळ्यांसाठी खुला ठेवतं. कुठल्याही शहराचा जुना अहवाल आज कुणीही वाचू शकतं. तुमचा अभ्यास असा कुठे ठेवलाय का? नसेल तर तुमच्या कॉलेजच्या ग्रंथालयाने तरी तो सगळ्यांना वाचता येईल असा ठेवावा.

पांढरीचामास्तर

विदर्भातल्या एका कॉलेजात शिकवतो. माझ्या बाजूची अडचण मांडतो, कारण आतापर्यंत महापालिकेच्या बाजूचं जास्त आलं.

नव्या शैक्षणिक धोरणानंतर आमच्याकडे फील्ड प्रोजेक्ट, समुदाय सहभाग, ऑन जॉब ट्रेनिंग यांना श्रेयांक आहेत. म्हणजे प्रत्येक मुलाला काहीतरी प्रत्यक्ष काम करायलाच हवं. राज्यभर किती मुलं होतात याचा विचार करा! आणि विषय कुठून येतात? आम्हीच जुलैत घाईघाईने काढतो. पन्नास घरांची प्रश्नावली, प्लास्टिकबद्दल जागृती, वृक्षारोपण. मुलं मन लावून करतात, मग गुण मिळतात आणि गठ्ठे कपाटात जातात. मुलांचे ते कष्ट बघून जीव हळहळतो.

नगरपरिषदेकडे माहिती मागायला गेलं तर पत्र द्या म्हणतात. पत्रावर मुख्याधिकाऱ्यांची सही होऊन उत्तर येईपर्यंत सत्र संपतं. पंधरा आठवडे असतात हातात. आम्हाला पैसे नकोत की सत्कार नको. जूनमध्ये नगरपरिषदेने पाच ओळींची यादी द्यावी: आम्हाला हे हवंय, माहिती या टेबलावर मिळेल, हा माणूस बोलेल. एवढ्यावर आम्ही चाळीस मुलं कामाला लावतो.

सडेतोड, श्रमांबद्दल तुम्ही म्हणता ते पटतं. पण मुलं हे श्रम आजही करतच आहेत. ते कुणाच्या कामी येत नाहीत, हे मला जास्त लागतं.

सडेतोड

मास्तर, हे मान्य. आणि मुंबईचं उदाहरण घेतलं तर तिचा हवामान कृती आराखडा मार्च २०२२ मध्ये आला, डब्ल्यूआरआय इंडिया ही संशोधन संस्था आणि सी-४० हे जगातल्या मोठ्या शहरांचं जाळं यांच्या साहाय्याने. मोठ्या शहराला अशा संस्था मिळतात. चिपळूणला, बार्शीला, हिंगणघाटला कोण देणार? जुलै २०२१ मध्ये वाशिष्ठीने चिपळूण बुडवलं तेव्हा तिथल्या नगरपरिषदेकडे असं किती मनुष्यबळ होतं? लहान गावात कॉलेज मात्र बहुतेक असतंच. त्या अर्थाने मोठ्या शहरांपेक्षा छोट्या गावांना या पद्धतीची गरज जास्त आहे.

सह्यवारा

याच विचाराने राज्य सरकारने आयआयटी मुंबईच्या सितारा या ग्रामीण तंत्रज्ञानाच्या केंद्राबरोबर २०१६ च्या जानेवारीत उन्नत महाराष्ट्र अभियान सुरू केलं होतं. प्रा. मिलिंद सोहोनी त्यामागे होते. जिल्ह्यातल्या इंजिनिअरिंग कॉलेजांनी त्याच जिल्ह्याच्या पाणीपुरवठा, वाहतूक, ऊर्जा अशा प्रश्नांवर काम करावं, सरकारी खात्यांनी त्यांना विचारावं, अशी कल्पना. पिण्याच्या पाण्याच्या योजना कुठे आणि का बंद पडतात याचे फार चांगले अभ्यास त्यात झाले. म्हणजे मार्ग आपल्याकडेही आखलेला आहे, शहरांनी तो जास्त वापरायला हवा.

टेकडीवाली

मला आता एक जोडावंसं वाटतं. अभियंता यांनी म्हटल्याप्रमाणे पर्यावरण अहवालाची चौकट घ्या, मास्तर म्हणतात तशी जूनमध्ये यादी घ्या, पण यादीत दरवर्षी किमान एक प्रश्न लोकांकडून येऊ दे. प्रभागातल्या नागरिकांनी सुचवलेला. पुण्यात मार्च २०२२ मध्ये सभागृहाची मुदत संपली आणि त्यानंतर बराच काळ प्रशासकच होते. त्या काळात कुणाकडे जाऊन सांगायचं हेच लोकांना कळत नव्हतं. महापालिका आणि विद्यापीठ दोघंच बसले तर कचरा उचलणारी बाई पुन्हा यादीतून सुटेल.

पंचगंगा_४३

एकदम बरोबर. आमच्या गल्लीचा प्रश्न आम्हीच देतो की.

गवतफूल

अभियंता काका, एक विचारू? समजा आमच्या कॉलेजने पुढच्या वर्षी हे नीट करायचं ठरवलं, तर महापालिकेत नक्की कुणाला आणि कधी पत्र द्यायचं? आणि अहवाल लिहिणाऱ्या मुलाला पैसे कुठून मिळणार?

निवृत्त_अभियंता

गवतफूल, जरूर विचारा, उलट बरं वाटलं.

पत्र आयुक्तांच्या नावाने, प्रत पर्यावरण विभागाला आणि शहर अभियंत्यांना. पत्र प्राचार्यांच्या सहीचं असू द्या, विद्यार्थ्यांच्या सहीचं नको. विषय एका ओळीत: कलम ६७अ खालील पर्यावरण सद्यस्थिती अहवालासाठी शैक्षणिक सहकार्य. कलमाचा उल्लेख असला की पत्र योग्य टेबलावर जातं.

वेळ महत्त्वाची. पुढच्या वर्षाच्या अंदाजपत्रकाची जुळवाजुळव हिवाळ्यात चालते, खाती आपली मागणी डिसेंबरच्या आसपास पाठवतात. त्याआधी, म्हणजे दिवाळी झाली की लगेच पत्र द्या. अहवालासाठी बऱ्याच महापालिका तरतूद ठेवतातच, कारण तो बाहेरून करून घेतात. त्याच लेखाशीर्षातून करार करून कॉलेजला रक्कम देता येईल का हे लेखा विभागाला विचारा. रक्कम कॉलेजच्या खात्यावर आणि कामाच्या टप्प्यांप्रमाणे मागा, म्हणजे लेखापरीक्षणात आक्षेप येत नाही. बदली झाल्यास पुढच्या अधिकाऱ्याचं नाव पंधरा दिवसांत कळवावं, ही अट करारात घाला. तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्यात आहे.

आणि तारखा किती जुळतात बघा. तुमचं सत्र जूनमध्ये सुरू होतं, काम मार्च-एप्रिलपर्यंत. आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपतं. अहवालाची मुदत ३१ जुलै. एप्रिल ते जुलै या मधल्या महिन्यांत वर्गातल्या एका मुलाने किंवा मुलीने मानधन घेऊन सगळं एकत्र लिहायचं, मॅकेन्झीकाठ यांनी सांगितलं तसं. पहिल्या वर्षी एकच प्रभाग घ्या. जुने पर्यावरण अहवाल सार्वजनिक असतात, मागचे तीन वाचून जा, त्यात तुमच्या प्रभागाबद्दल काय लिहिलंय आणि काय नाही याची यादी पत्राला जोडा. कच्चं पत्र तयार झालं की इथे टाका, मी कार्यालयीन भाषेत बसवून देतो.